डोक्याला मुका मार. घाई नको शाळेची अन् मैदानाची

सोलापूर, प्रतिनिधी - पतंगाच्या नादात माळवदावरून पाय घसरणे, दुचाकीवर पुढे उभे राहिलेले मूल अचानक ब्रेक लागताच हॅण्डलवर आदळणे, खो-खोच्या खांबावर कपाळ आपटणे... मुलांच्या डोक्याला मार लागण्याचे असे प्रसंग सोलापूरकरांना नवे नाहीत. रक्त नाही, मोठी जखम नाही, टेंगूळ तेवढे आलेले. ‘सिव्हिल’मध्ये किंवा खासगी दवाखान्यात नेल्यावर तपासणीत गंभीर काही आढळत नाही आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी मूल दप्तर घेऊन शाळेत हजर! खरा प्रश्न तेथून सुरू होतो. मूल फळ्याकडे पाहताना डोके धरते, पाठ असलेल्या पाढ्यांत अडखळते, क्षुल्लक कारणावरून रडते. आणि ‘अभ्यास टाळण्याचे बहाणे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘कन्कशन’ म्हणतात. कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू धक्क्याने हिंदकळतो. पेशी फुटत नाहीत, पण त्यांच्या आतबाहेरील पोटॅशियम आणि कॅल्शियमचा समतोल ढळतो. तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना जादा ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा घटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, उजेड व आवाज सहन न होणे, विसरभोळेपणा, चिडचिड ही या ओढाताणीचीच लक्षणे होत. बेशुद्धी आलीच पाहिजे असे नाही; बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही.

हा बिघाड कार्याचा असल्याने सीटी स्कॅनमध्ये तो दिसत नाही. स्कॅन ‘नॉर्मल’ याचा अर्थ रक्तस्राव किंवा अस्थिभंग नाही, एवढाच. म्हणूनच प्रत्येक मुलाचे स्कॅन करावे असा आग्रहही योग्य नव्हे. अमेरिकेतील २५ रुग्णालयांत ४२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलांचे प्रमाण त्यात एक टक्क्याहून कमी होते. क्ष-किरणांचा अनावश्यक मारा टाळायचा, तर हा निर्णय डॉक्टरांवर सोडलेला बरा.

मात्र वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, एक बाहुली मोठी दिसणे, नाक-कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणे, हाक मारूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तान्हे बाळ दूध घेईनासे झाले किंवा रडणे थांबेना, तरीही तेच. ‘मार लागल्यावर झोपू द्यायचे नाही’ हा समज घरोघरी आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या मुलाला झोपू देण्यास हरकत नसते. किंबहुना झोप हे त्याचे औषधच आहे.

विश्रांतीबाबतचा वैद्यकीय विचार गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी मुलाला अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्यास सांगितले जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच दिवस सक्तीची विश्रांती घेतलेल्या मुलांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा अधिक त्रास नोंदवला. ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही पहिले २४ ते ४८ तास सौम्य विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमीत कमी आणि त्यानंतर हळूहळू चालणे-फिरणे, हाच मार्ग सांगितला. त्रास किंचित वाढला तर चालेल, फार वाढला तर थांबावे.

शाळेचेही तसेच. आधी घरी थोडे वाचन, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण वेळ. गृहपाठ कमी, मधूनमधून विश्रांती आणि चाचणी परीक्षा पुढे ढकललेली बरी. येथे पालकांची खरी अडचण होते. प्लॅस्टरमधला हात वर्गशिक्षकांना दिसतो, थकलेला मेंदू दिसत नाही. भरलेल्या वर्गात एका मुलाकडे कोण पाहणार? त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी शाळेत द्यावी. गुणांच्या चिंतेपायी आठवडाभराची सवलत नाकारणारे पालकही आहेतच.

मैदानाचा क्रमांक शेवटचा. शाळा पूर्ववत झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कबड्डी, कुस्ती नको. चालणे, धावणे, एकट्याने सराव, असा एकेक टप्पा किमान एक दिवसाचा. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर त्रास लांबतो. क्वचित मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतते. क्रिकेटमध्ये अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेण्यास आयसीसीने २०१९ पासून मुभा दिली. त्याच ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. शालेय स्पर्धांत ‘पाणी मार तोंडावर आणि खेळ’ हा खाक्या मात्र अजून सुटलेला नाही. संशय आला की त्या दिवसापुरता खेळ बंद, एवढे तरी क्रीडाशिक्षकांनी पाळायला हवे.

बहुसंख्य मुले चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात. कॅनडात सुमारे ३ हजार मुलांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास ३० टक्के मुलांचा त्रास २८ दिवसांनंतरही टिकून होता. किशोरवयीन मुली, अर्धशिशीचा त्रास असलेली आणि पूर्वी असाच मार बसलेली मुले यांत अधिक होती. अशा वेळी ‘होईल बरे’ म्हणत न बसता पुन्हा डॉक्टरांकडे जावे. मान, डोळे, झोप आणि मन या प्रत्येकावर उपाय करता येतो.

दुचाकीवरील चार वर्षांवरील मुलांना हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हेल्मेट कवटी वाचवते, मेंदूचे हिंदकळणे ते पूर्णपणे रोखू शकत नाही. त्यामुळे हेल्मेट असतानाही मूल पडले, तर पुढील दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवावी आणि जोराचा आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.