फुप्फुसात हाड!

शरीरात हाडे कुठे कुठे असतात असे विचारले, तर तुम्ही कवटी, बरगड्या, हात, पाय अशी यादी सांगाल. फुप्फुसाचे नाव त्यात कोणी घेणार नाही. फुप्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंजच. पण एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसात क्वचित खरेखुरे हाड तयार होते! जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ लुश्का यांनी १८५६ सालीच अशा हाडाचे वर्णन केले होते.

‘खरेखुरे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हिवरा आश्रमसारख्या गावात विहिरीचे पाणी दुष्फेन असेल, तर ते रोज तापवून भांड्याला आतून पांढरा थर बसतो. शरीरातही कॅल्शियमचे क्षार असे नुसते साचू शकतात. त्याला हाड म्हणत नाहीत. हाड बांधावे लागते. विशिष्ट पेशी आधी प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा विणतात आणि मग त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक बसतात. फुप्फुसातल्या या हाडात कधीकधी चक्क मज्जाही सापडते. फुप्फुसाला दीर्घकाळ इजा पोहोचत राहिली, की तिथल्याच काही पेशी आपला मूळ धंदा सोडून हे बांधकाम सुरू करतात, असे मानले जाते.

या हाडाचे आकार दोन. फुप्फुस घट्ट, तंतुमय होण्याच्या विकारात ते झाडाच्या फांद्यांसारखे पसरते. दुसऱ्या प्रकारात ज्वारीच्या दाण्यांसारख्या गाठी होतात, आणि त्यांचे मूळ बहुधा हृदयात असते.

इथे माझा विषय, भौतिकशास्त्र, कामी येतो. फुप्फुसातून आलेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूस द्विदल झडपेतून पुढे जाते. या झडपेचे तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते आक्रसून दीडच्या खाली आले, तर रक्त मागे तुंबते. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरपलीकडे गेला, की द्रव वायुकोशांत झिरपू लागतो. कधी रक्तही उतरते. वर्षानुवर्षे हे चालले, की हाडाच्या गाठी धरू शकतात. त्या बहुतेक फुप्फुसाच्या खालच्या भागात का, हे तुम्हीच काढा. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो ना? रक्ताच्या १० सेंटिमीटर उंचीमागे तो पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो.

क्ष-किरणांच्या फिल्मवर या गाठी पांढऱ्या दिसतात. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, ऑक्सिजनचा ८. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचे शोषण साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजनास वजन घेतले, तर कॅल्शियम सुमारे पंधरापट किरण अडवते. आपल्याकडे अडचण अशी, की छातीच्या फिल्मवर पांढरे ठिपके दिसले की पहिला संशय क्षयाचा येतो. तो वावगा नाही. पण हृदय न तपासता तिथेच थांबले, तर खरा दोष झडपेत तसाच राहतो.

तयार झालेले हाड विरघळवणारे औषध नाही. पुष्कळदा त्याचा स्वतंत्र त्रासही होत नाही. उपचार करायचा तो झडपेवर. जपानी शल्यचिकित्सक इनौए यांनी १९८२ साली शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करण्याची युक्ती वापरली, आणि कित्येकांची छाती उघडायची वेळ टळली.

आता झडप आक्रसते कशाने? भारतात याचे मुख्य कारण ऱ्हुमॅटिक ताप. तो बहुधा ५ ते १५ वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांना होतो. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका जंतूने घसा सुजतो, बरा होतो, आणि दोनतीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे धरतात. गुडघा आज दुखतो, उद्या घोटा. घरचे म्हणतात, खेळताना लागले असेल. सांधे बरे होतात, झडप मात्र होत नाही. एकदा हा ताप आलेल्या मुलाला डॉक्टर तीनचार आठवड्यांनी एक असे पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे देतात. पुष्कळ जंतू पेनिसिलीनला दाद देईनासे झाले. हा जंतू अजून देतो.