बायोलॉजिक बदलताना : संधिवाताच्या औषधांचा मागोवा

१९९२ साली लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतीय वंशाचे रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या मोजक्या रुग्णांना टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारं औषध शिरेतून दिलं. सांध्यांची सूज उतरली. १९९८मध्ये इन्फ्लिक्झिमॅब आणि एटानरसेप्ट ही बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेली औषधं अमेरिकेत बाजारात आली, २००२च्या अखेरीस अडालिम्युमॅबला मान्यता मिळाली.

काही वर्षांतच मोठी अडचण पुढे आली. औषध सुरुवातीला छान लागू पडे आणि मग हळूहळू त्याचा गुण ओसरे. सकाळी बोटं पुन्हा आखडत. अनेकदा शरीरच औषधाला परकं मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं; इन्फ्लिक्झिमॅबमध्ये तर उंदराच्या प्रथिनाचा अंश आहे. सोबत मेथोट्रेक्सेटची गोळी चालू ठेवायला सांगतात त्याचं हे एक कारण; तिच्यामुळे अशी प्रतिपिंडं कमी तयार होतात. गोळी कंटाळून सोडणाऱ्या रुग्णांना हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

मग बदलून द्यायचं ते काय? फ्रान्समधल्या ३०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. टीएनएफ अडवणारं एक औषध अपुरं पडल्यावर त्याच गटातलं दुसरं घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांना २४ आठवड्यांत गुण आला, वेगळ्या गटातलं घेणाऱ्यांपैकी ६९ टक्क्यांना.

दुसऱ्या प्रकारचा बदल पैशापायी होतो. डिसेंबर २०१४मध्ये झायडसनं अडालिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, भारतात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. मूळ औषधावर स्थिर असलेल्या रुग्णानं ब्रँड बदलावा का, याचं उत्तर नॉर्वेनं सरकारी खर्चानं शोधलं. इन्फ्लिक्झिमॅबवरच्या ४८२ रुग्णांत वर्षभरात आजार बळावला तो मूळ औषधावर राहिलेल्यांपैकी २६ टक्क्यांचा, बदललेल्यांपैकी ३० टक्क्यांचा. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच होता. माझ्या मते स्वस्त ब्रँडची भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. भीती आहे ती न सांगता केलेल्या बदलाची. मनात धास्ती बसली की चांगलं औषधही बाधतंय असं वाटू लागतं.

आपल्याकडे मात्र बदलापेक्षा खंडच जास्त. ओपीडीत घेतलेलं इंजेक्शन अनेक विमा पॉलिसींत बसत नाही. दुखणं कमी झालं की पुढचा डोस लांबतो. खंडानंतर तेच औषध पहिल्यासारखं लागू पडेलच असं नाही. शिवाय या औषधांमुळे सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो, हे २००१पासून ठाऊक आहे. सुरुवातीआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोग शोधणारी माँटू किंवा इग्रा तपासणी टाळू नका. औषध बदलताना ती पुन्हा करायची का, हेही विचारा.

प्रत्येक इंजेक्शनचं ब्रँडनाव, बॅच क्रमांक आणि तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा. सिरिंज २ ते ८ अंशांत राहील अशी फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, फ्रीझरमध्ये तर नाहीच. दुकानदारानं वेगळा खोका पुढे केला, तर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पैसे कमी पडत असतील तर तेही त्यांना मोकळेपणानं सांगा, पण डोस आपल्या मनानं बंद करू नका.