विमानाचा आवाज आणि नगरपालिकेचे हात

मंडळी, श्रीवर्धनात बसून विमानाच्या आवाजावर कशाला बोलायचं? इथे रात्री ऐकू येते ती समुद्राची गाज, फार तर लग्नातला डीजे. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात, उलव्याजवळ, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. त्या बाजूला आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं-भावंडं राहतात, काहींनी फ्लॅट घेतलेत. म्हणून हा विषय.

पहिला प्रश्न नेहमीचा असतो: नगरपालिका रात्रीची विमानं बंद का करत नाही? ती करूच शकत नाही. विमान वाहतूक हा घटनेप्रमाणे केंद्राचा विषय. अमेरिकेतही हेच झालं. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ जेट विमानांच्या उड्डाणाला बंदी घातली. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आता आकडे बघू. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २०१८ मध्ये विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी अधिसूचना निघाली: वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असतील, तर दिवसा ७०, रात्री ६५. फरक वीसचाच दिसतो, पण डेसिबलमध्ये वीस म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभरपट!

आणि ही मर्यादा सरासरीची आहे, खरी मेख तिथे आहे. समजा रात्रीच्या आठ तासांत दहा विमानं गेली, प्रत्येकाचा आवाज ८० डेसिबल, अर्धा अर्धा मिनिट. बाकी रात्र शांत. आम्ही गणित मांडलं तर सरासरी येते साधारण ६०. म्हणजे नियमात बसलं की! झोप मात्र दहा वेळा मोडली.

मग स्थानिक संस्थेच्या हातात उरतं काय? जमीन. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि जमिनीचा वापर हे विषय नगरपालिकांसाठीच दिलेत. धावपट्टीच्या रेषेत गोदामं येऊ द्यायची की शाळा-दवाखाना, हे बांधकाम परवानगीतच ठरतं. विमानं नंतर वाढतात, इमारती तर पन्नास वर्षं हलत नाहीत. आमच्याकडची गोम अशी, की 'नैना' क्षेत्राचं नियोजन २०१३ पासून सिडकोकडे आहे, आणि सिडको काही मतदारांनी निवडलेली नाही. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, तो दुसऱ्याने वाचायचा.

मघाशी एका काकांनी विचारलं, मुलाने तिकडे घर बघितलंय, काय करू? काका, बिल्डर उंचीचा दाखला दाखवेल, तो विमानाच्या सुरक्षिततेसाठी असतो. तुम्ही विमानतळाचा ध्वनिनकाशा मागा, तो करून घेणं विमानतळचालकाचं काम आहे. आणि बयाणा देण्याआधी एक रात्र तिथे झोपून बघा.