संगणकशास्त्रातील प्रबंध : शेवटच्या वर्षाचे काम

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आता एम.एस्सी., एम.सी.ए., एम.टेक.पर्यंत पोहोचू लागली आहेत. या अभ्यासक्रमांचा लेखी परीक्षांचा भाग घरच्यांना समजतो. प्रकल्प आणि प्रबंधाचा शेवटचा टप्पा मात्र समजत नाही. तास नसतात, गुणपत्रिका येत नाही, विद्यार्थी दिवसरात्र संगणकासमोर असतो आणि ‘कधी संपणार?’ या प्रश्नाला त्याच्याकडे सरळ उत्तर नसते. नेमक्या याच वेळी नोकरी चालून येते, घरची गरज मोठी असते आणि प्रबंध मागे पडतो. सर्व लेखी विषय उत्तीर्ण, केवळ प्रबंध बाकी, या अवस्थेला विद्यापीठाच्या दप्तरी पदवी म्हणत नाहीत. म्हणून हे काम नेमके काय असते, ते पालकांनाही ठाऊक असावे.

प्रबंध अडतो तो बहुधा बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर प्रश्न फार मोठा घेतल्यामुळे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एम.एस.साठी प्रबंध लिहिला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेथील एका प्रचंड गणनयंत्रावर ते काम करीत असत. त्या यंत्राचे नियंत्रण विजेच्या रिलेंच्या मंडलाकडे होते. अशी मंडले रचायची आणि कमीत कमी स्विचांत बसवायची कशी, एवढाच त्यांचा प्रश्न. स्विच बंद किंवा चालू, विधान खरे किंवा खोटे. तेव्हा जॉर्ज बूल यांचे एकोणिसाव्या शतकातील तर्कबीजगणित मंडलांना जसेच्या तसे लागू पडते, हे त्यांनी दाखविले. आजच्या प्रत्येक संगणकाच्या मंडलरचनेत तो विचार आहे. ‘संगणकाचे भविष्य’ असा विषय त्यांनी घेतला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी!

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. ‘मोडी कागदपत्रांचे संगणकीय वाचन’ हा विषय अनेकांना मोह घालतो. विषय मोलाचा आहे. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये स्थानही मिळाले आहे. परंतु मोडीत हात न उचलता लिहितात, दोन शब्दांत अंतर ठेवीत नाहीत, आणि हातागणिक अक्षराचे वळण बदलते. काही महिन्यांत एका विद्यार्थ्याकडून हे सारे होणे नाही. मात्र ‘सुटी लिहिलेली मोडी अक्षरे ओळखण्याच्या दोन पद्धतींपैकी अनोळखी हस्ताक्षरावर कोणती अधिक टिकते?’ हा प्रश्न तडीस जाऊ शकतो.

यातील ‘अनोळखी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, विद्यार्थ्याने वीस जणांकडून अक्षरे लिहून घेतली, सर्व एकत्र मिसळली, काहींवर संगणकाला शिकविले आणि उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली. शंभरात सत्त्याण्णव अक्षरे बरोबर आली म्हणून आनंद होतो. पण शिकवितानाही तीच वीस माणसे होती आणि परीक्षेतही तीच! म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली. एकविसाव्या माणसाचे हस्ताक्षर पुढे आले की तो आकडा ढासळतो. यावर उपाय असा, की पंधरा जणांची अक्षरे शिकवणीस द्यावीत आणि पाच जणांची पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवून अखेरीस एकदाच वापरावीत. मग आकडा कमी आला तरी तो खरा असतो, आणि तो का कमी आला हे लिहिणे हाच प्रबंधाचा गाभा ठरतो. सत्त्याण्णवच्या मोहात शेवटच्या महिन्यात फसलेले प्रबंध थोडे नाहीत.

प्रत्येक प्रयोगाची तारीख, वापरलेली माहिती आणि निकाल त्याच दिवशी नोंदवावा. सर्व काम किमान दोन ठिकाणी जतन करावे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ घेऊन येणारी बोट पाणबुडीने बुडविली. त्यांना दुसरी प्रत ठेवण्याची सोय नव्हती, आपल्याला आहे. तरीही लॅपटॉप बिघडला आणि सहा महिने गेले, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. मार्गदर्शकांनी प्रकरण तांबड्या शाईने भरून परत दिले की मुले खचतात. डी.एस्सी.चा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध बाबासाहेबांनाही परीक्षकांच्या सूचनेवरून पुन्हा लिहून द्यावा लागला, आणि १९२३ साली तो मान्य झाला, एवढे अशा वेळी मुलांना सांगावे.

घाईच्या वेळी आणखी एक वाट दिसते, ती म्हणजे तयार प्रकल्प विकत घेण्याची. शहरांत त्याची उघड दुकाने आहेत. पैसे पालकांचे जातात, म्हणून पालकांनी हे जाणून असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे साम्य १० टक्क्यांहून अधिक आढळल्यास तो सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. ४० टक्क्यांपुढे वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. त्यातून निभावले तरी तोंडी परीक्षा उरतेच. परीक्षक एखादी ओळ दाखवून ‘ही काढली तर काय होईल?’ असे विचारतात. ज्याने काम केले आहे, त्याला हा प्रश्न सोपा असतो.

लेखनाचा आरंभ प्रस्तावनेने करू नये. केलेल्या कामाचे प्रकरण आधी लिहावे, मग निकाल. प्रस्तावना सर्वांत शेवटी. ऋणनिर्देश साम्यतपासणीतून वगळलेला असतो, त्यामुळे गतवर्षीच्या प्रबंधातून तो तसाच उतरविण्याची रीत पडली आहे. त्या पानावर आई-वडिलांची आणि वसतिगृहात पहाटे उठवून अभ्यासाला बसविणाऱ्यांची नावे घालण्यास कोणत्याही विद्यापीठाची हरकत नाही.