डॉमिनोला सहा बाजू असत्या तर?

हा एपिसोड नुसता ऐकून डोळ्यांसमोर चित्र येत नाही, म्हणून लिहूनही देतोय. जमलं तर हाताशी कागद-पेन ठेवा.

डॉमिनो आपल्याला माहीत आहे. २८ सोंगट्या, प्रत्येकीला दोन टोकं, आकड्याला आकडा जुळवायचा. न्यूझीलंडच्या माइक मॅकमॅनवे यांनी १९८८च्या सुमारास हीच कल्पना षटकोनावर नेली. खेळाचं नाव टँट्रिक्स. मधमाशीच्या पोळ्यातल्या कप्प्यासारखी टाइल, तिच्यावर तीन रंगांच्या तीन रेघा, प्रत्येक रेघ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी. एकूण रंग चार: लाल, पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे प्रत्येक टाइलवर एक रंग गैरहजर. दोन टाइल्स जिथे टेकतात तिथे रंग जुळलाच पाहिजे.

टाइल्स ५६, आणि एकही दुसरीसारखी नाही. हा आकडा कुठून आला? रेघ शेजारच्या बाजूला वळेल, एक बाजू सोडून वळेल किंवा सरळ समोर जाईल. तीन ठरावीक रंग घेऊन सगळ्या रचना काढल्या तर १६ होतात. त्यातल्या तिन्ही रेघा सरळ असलेल्या दोन टाइल्स खेळात घेतलेल्या नाहीत. उरल्या १४. तीन रंगांचे गट चार, म्हणून चौदा चोक छप्पन्न! मला तर हा हिशोबच खेळाइतका आवडतो.

खेळताना प्रत्येकाने एक रंग निवडायचा आणि पिशवीतून न बघता टाइल्स काढून समोर उघड्या मांडायच्या. हो, उघड्या! समोरच्याकडे काय आहे ते सगळ्यांना दिसतं. एक टाइल लावली की लगेच दुसरी काढायची. शेवटी तुमच्या रंगाची सर्वांत लांब रेघ मोजतात, टाइलमागे एक गुण. पण रेघ फिरून स्वतःलाच मिळाली तर टाइलमागे दोन. अकरा टाइल्सची रेघ ११ गुणांची, सहा टाइल्सचं बंद कडं १२ गुणांचं.

खरी गंमत सक्तीच्या जागेत आहे. तीन टाइल्सनी वेढलेली रिकामी जागा दिसली आणि तिथे बसणारी टाइल तुमच्याकडे असली, की ती लावावीच लागते. त्यात समोरच्याची रेघ वाढली तरी! म्हणून तुम्ही त्याच्या उघड्या टाइल्स बघता आणि अशी जागा तयार करता, की तुमची रेघ त्याच्याच हाताने जोडली जाईल. डॉमिनोत असं कुठे होतं?

अजून एक. कुठल्याही टाइलवर एका रंगाची दोनच टोकं असतात. त्यामुळे एकाच रंगाची तीन टोकं मागणारी जागा कधीच भरता येत नाही. पिशवीत टाइल्स आहेत तोवर अशी जागा करायला बंदी आहे. पिशवी रिकामी झाली की बंदी उठते, आणि मग समोरच्याची लांब रेघ कायमची अडवता येते. तोपर्यंत पुढे असलेला माणूस इथे हरू शकतो.

सेट नसेल तर जाड पुठ्ठा घ्या, लाल-पिवळ्या-निळ्याच्या त्या १४ टाइल्स स्केचपेनने काढा, दोघांत तीन-तीन घेऊन खेळा. (तीनचा नियम माझा, मूळ खेळातला नाही.) सगळे षटकोन एकाच साच्यावरून कापा, नाहीतर कडा जुळत नाहीत. आणि पंधरावी वेगळी टाइल निघाली, तर तिच्या तिन्ही रेघा सरळ आहेत का बघा.