हेलिकॉप्टरचे जमिनीलगतचे अपघात : कारणे आणि जबाबदारी

हेलिकॉप्टर हे वाहन आता ग्रामीण जनतेला अपरिचित राहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांना आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापुराने वेढले, त्यावेळी रस्ते बंद असताना मदतीसाठी हेलिकॉप्टरेच धावून आली. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील वनांत ठिकठिकाणी वणवे पेटले असता नौदलाच्या व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी आगीवर पाणी टाकले. याखेरीज मान्यवरांचे दौरे, निवडणुकांचा प्रचार आणि रुग्णांची तातडीची वाहतूक यांसाठीही या वाहनाचा उपयोग वाढत आहे. फोंडा तालुक्यासारख्या डोंगर, कुळागरे आणि दाट लोकवस्ती असलेल्या प्रदेशात असे हेलिकॉप्टर उतरावयाचे झाल्यास एखादे शाळेचे क्रीडांगण अथवा फर्मागुडीसारखे पठारच त्यासाठी शोधावे लागते. अशा वेळी जमिनीवर असणाऱ्या माणसांवरही सुरक्षिततेची काही जबाबदारी येऊन पडते. ती कोणती, हे समजण्यासाठी हेलिकॉप्टर जमिनीवर, तारांवर अथवा डोंगरावर का आदळते, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल.

जमिनीजवळच धोका अधिक का?

विमानाला वेग घेण्यासाठी लांब धावपट्टी लागते. हेलिकॉप्टर मात्र डोक्यावरील मोठ्या पंख्याच्या बळावर जागच्या जागी वर उठते. पंख्याची पाती हवा खाली ढकलतात आणि त्यामुळे यंत्र उचलले जाते. जमिनीपासून थोड्या उंचीपर्यंत ही खाली ढकललेली हवा जमिनीवर अडते आणि हेलिकॉप्टरला तिचा अधिक आधार मिळतो. ते आणखी वर गेले की हा आधार संपतो. म्हणजे जमिनीवरून सहज उचललेले हेलिकॉप्टर काही मीटर वर जाताच जड होऊ शकते. त्या क्षणी पुढे जाण्याचा वेग पुरेसा आलेला नसेल, तर चूक सावरण्यास उंचीही नसते आणि अवधीही नसतो. आकाशात वैमानिकाला सावरण्यास काही मिनिटे मिळू शकतात. जमिनीजवळ काही सेकंदच मिळतात.

हवेच्या उष्णतेचाही येथे मोठा परिणाम होतो. हवा तापली की विरळ होते. साधारणतः दर तीन अंश सेल्सिअसमागे तिची घनता एक टक्क्याने घटते. सकाळी पंधरा अंश तपमानात जो भार सहज उचलला जातो, तोच भार चाळीस अंशांच्या उन्हात उचलताना हवेचा आधार सुमारे आठ टक्क्यांनी कमी झालेला असतो. म्हणूनच प्रवासी किती, सामान किती आणि इंधन किती, याचा हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने करावा लागतो. सकाळच्या उड्डाणाला जो हिशेब बरोबर होता, तो दुपारच्या उड्डाणाला बरोबर असेलच असे नाही.

अपघातांचे प्रकार

दिनांक २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच उंची गमावून वीजतारांत अडकले व वस्तीलगत कोसळले. वाऱ्यात बदल जाणवल्याने वैमानिकाने ते पुन्हा उतरविण्याचा निर्णय घेतला होता, असे त्यावेळी सांगण्यात आले. सुदैवाने हेलिकॉप्टरमधील सहाही जण बचावले. मे महिन्यातील मराठवाड्याचे ऊन, वस्तीला लागून असलेले मैदान आणि शेजारून गेलेल्या वीजतारा या तीन गोष्टी या घटनेत एकत्र आलेल्या दिसतात. पैकी उन्हावर कोणाचाच ताबा नसतो. मैदानाची निवड आणि तारांचे अंतर या मात्र माणसांनी ठरवावयाच्या बाबी आहेत.

वीजतारांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वैमानिकाला वरून खांब दिसतात, परंतु दोन खांबांमधील तार बहुधा दिसत नाही. हिरव्या झाडीच्या किंवा मळकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती पूर्णपणे लपते. ज्या तारेखालून गावकरी रोज ये-जा करतात, ती तार अनोळखी वैमानिकाच्या लेखी जणू नसतेच.

दुसरा प्रकार कलंडण्याचा. दिनांक ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे प्रचारदौऱ्यासाठी आलेले एक हेलिकॉप्टर उतरत असतानाच तोल जाऊन मैदानावर कोसळले. प्राणहानी झाली नाही. मोकळ्या मैदानावर उतरताना दोन संकटे संभवतात. पहिले धुळीचे होय. पंख्याच्या वाऱ्याने सुकी माती उडून क्षणार्धात चोहोबाजूंनी पडदा उभा राहतो आणि वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. आपले यंत्र स्थिर आहे की बाजूला सरकत आहे, हे त्याला कळत नाही. गोव्यातील तांबड्या मातीची मैदाने उन्हाळ्यात कशी धुळीने माखतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरे संकट असमान जमिनीचे. हेलिकॉप्टरचा एक पाय चिखलात रुतला, अथवा वर आलेल्या जांभ्या दगडाला अडकला आणि पंखा जोरात फिरत राहिला, तर यंत्र त्या पायाभोवती कलंडू लागते. कलंडण्याची एक मर्यादा ओलांडली की कोणत्याही कौशल्याने ते परत सरळ करता येत नाही.

तिसरा प्रकार धुके व ढग यांचा. दिनांक २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी धुके असताना पुण्याजवळील बावधन परिसरातून निघालेले एक हेलिकॉप्टर लगेचच डोंगराळ भागात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्याआधी दिनांक ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूतील कुन्नूरजवळ हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळून देशाचे पहिले संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांना प्राणास मुकावे लागले. डोंगराळ प्रदेशात हवा दरीतून दरीत पालटते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला वर-खाली, डावे-उजवे यांचे भान राहणे कठीण होते. अशा वेळी यंत्रात काहीही बिघाड नसताना ते सरळ डोंगरावर जाऊन आदळू शकते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या सत्तरी, धारबांदोडा व फोंडा भागांतील लोकांना पावसाळ्यातील असे अकस्मात उतरणारे ढग नवे नाहीत.

चौथा प्रकार उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा आहे. त्याची लोकांना फारशी कल्पना नसते. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथ येथील हेलिपॅडवर शेपटीच्या पंख्याचा आघात होऊन एका शासकीय अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. शेपटीचा पंखा इतक्या वेगाने फिरतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. मोठा पंखा मंदावताना त्याची पाती खाली झुकतात. उतारावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरकडे चढाच्या बाजूने येणारा मनुष्य तर नकळत पात्यांच्या उंचीवरच चालत येत असतो.

दोष कोणाचा?

अपघातानंतर लोकांचे बोट प्रथम वैमानिकाकडे वळते, किंवा मग यंत्राकडे. कुन्नूरच्या दुर्घटनेचे उदाहरण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. तिन्ही सेनादलांच्या चौकशीतून जानेवारी २०२२ मध्ये असा निष्कर्ष पुढे आला की, यांत्रिक बिघाड, घातपात किंवा निष्काळजीपणा यांपैकी काहीही कारण नव्हते. हवामान अनपेक्षितपणे बदलल्याने हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकांचे दिशाभान हरपले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात याच अपघाताच्या कारणाची नोंद 'मानवी चूक' अशी झाली. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. परंतु दिशाभान हरपणे ही माणसाच्या देहाची मर्यादा आहे, आणि निष्काळजीपणा हा स्वभावाचा अथवा वर्तनाचा दोष आहे. चूक घडणे आणि अपराध घडणे यांत हा भेद करणे अगत्याचे आहे.

या भेदाची दखल कायद्यानेही घेतली आहे. नागरी विमान अपघातांची चौकशी करणारा विमान अपघात अन्वेषण ब्युरो २०१२ मध्ये स्थापन झाला. त्यासंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार अशा चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असून कोणावर दोष अथवा दायित्व ठरविणे हा नाही. दोष ठरविण्याचे काम न्यायालये व शिस्तभंगाच्या यंत्रणा यांचे आहे. ही दोन कामे वेगळी ठेवण्यामागे व्यवहारज्ञान आहे. खरे बोलल्यास शिक्षा होईल अशी धास्ती असलेला मनुष्य सत्य दडवितो, आणि दडलेले सत्य पुढील अपघाताचे कारण बनते.

फोंडा तालुक्यातील दुर्भाट, शिरोडा येथील शेतकऱ्यांना खाजनाच्या बांधाचा अनुभव आहे. बांध फुटतो तो भरतीच्या रात्री, पण त्याची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. कुर्ल्यांनी बिळे पाडलेली असतात, मानशीचे दार किडलेले असते, दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकललेली असते. बांध फुटल्यावर केवळ भरतीला दोष देऊन भागत नाही. हेलिकॉप्टरचा अपघातही असाच पायरीपायरीने घडत येतो. वैमानिकाचा हात ही त्यातील अखेरची पायरी होय.

या दृष्टीने पाहता जबाबदारीची वाटणी स्पष्ट होते. उड्डाण करावे की नाही, उतरावे की परत फिरावे, याचा अंतिम निर्णय वैमानिकाचा असतो आणि तो चुकल्यास त्याचे उत्तर त्याला द्यावे लागते. यंत्राची निगा, भाराचा खरा हिशेब आणि वैमानिकाला पुरेशी विश्रांती हे हेलिकॉप्टर चालविणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे. जागेची निवड, तिची स्वच्छता व बंदोबस्त हे स्थानिक प्रशासनाचे काम आहे. आणि वेळापत्रक आखणाऱ्या आयोजकांनाही यातून सुटका नाही. सभेला हजारो लोक ताटकळत आहेत, असा निरोप धुक्यात अडकलेल्या वैमानिकाकडे वारंवार धाडणारा मनुष्य त्या उड्डाणाच्या जोखमीत भागीदारच असतो.

जमिनीवरील कर्तव्ये

तात्पुरते हेलिपॅड ठरविताना मामलेदार, सार्वजनिक बांधकाम खाते, वीज खाते, पोलीस व अग्निशामक दल यांनी जागेची एकत्र पाहणी करणे उपयुक्त ठरते. जमीन सपाट व टणक असावी, सुटे दगड व कचरा उचलावा आणि हेलिकॉप्टर येण्यापूर्वी पुरेसे पाणी शिंपडावे. मात्र चिखल होईल इतके पाणी शिंपडू नये. मंडपाची कापडे, पताका, पत्रे व प्लास्टिकच्या पिशव्या पंख्याच्या वाऱ्याने उडून पात्यांत जाऊ शकतात, म्हणून सभामंडप हेलिपॅडपासून दूर उभारावा. जवळच्या वीजतारा, मनोरे व उंच माड यांची माहिती नकाशासह वैमानिकापर्यंत आगाऊ पोहोचवावी. येथे स्थानिक पंचसदस्य व जाणत्या ग्रामस्थांचे साहाय्य अनमोल आहे, कारण नव्याने ओढलेली तार कागदावर येण्यापूर्वी गावाला ठाऊक असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हेलिकॉप्टर अवश्य दाखवावे, परंतु दोरीच्या बाहेरून. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कोणीही आत जाऊ नये. जाणे भागच असेल तर वैमानिकाने खूण केल्यावर, त्याच्या नजरेसमोरून व वाकून जावे. शेपटीच्या बाजूने अथवा चढावरून कदापि जाऊ नये. टोपी, ओढणी व कागद घट्ट धरावे. उडालेल्या टोपीमागे धावणे प्राणावर बेतू शकते. गुरे व कुत्री मैदानाबाहेर ठेवावीत. अपघात घडलाच तर त्वरित ११२ क्रमांकावर कळवावे. सांडलेल्या इंधनाजवळ विडी-सिगारेट पेटवू नये, तुटलेल्या वीजतारांना हात लावू नये आणि जखमींना वाचविण्याखेरीज अन्य कारणासाठी अवशेष हलवू नयेत. चौकशीला त्यांचाच आधार असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, वैमानिकाने नकार दिल्यास तो सर्वांनी मान्य करावा. हवामान ठीक नाही म्हणून मान्यवर मोटारीने दोन तास उशिरा पोहोचले, यात गावाचा अपमान नाही आणि प्रशासनाची नामुष्कीही नाही. आकाशातील ढगांवर कोणाची सत्ता चालत नाही. परंतु मैदान, तार, गर्दी आणि घाई या चार गोष्टी जमिनीवरच्या माणसांच्या हाती आहेत. त्यांची काळजी घेतली गेली, तर अपघातानंतर दोष कोणाचा हे विचारण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही.