जात्याला दुसरा हात

वाईट दिवसांत माणसाने जगावे कशाच्या आधारावर, हा प्रश्न आपल्या परभणी जिल्ह्याला नवा नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी झाली. दळण, कांडण, शेणगोठा हेच तिचे आयुष्य. ते कधी पालटले नाही. मग तिला बळ आले कोठून? तिच्या नावावरील तीनशेहून अधिक अभंग याचे उत्तर देतात. तिने दुःख लपविले नाही, त्याला शब्द दिले. आणि विठ्ठल आपल्याबरोबर दळू लागतो, असे ती सांगते. ओझे तेच राहिले, पण जनी एकटी उरली नाही.

मात्र खचलेल्या शेतकऱ्याला ‘जनीसारखे सोसा’ म्हणणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला उपदेशाने नव्हे, दुष्काळी कामांवरील मजुरीने तगविले. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने कामाचा तो हक्क मान्य केला.

तेव्हा आशा माणसे एकमेकांस देतात. शेजारी अबोल झाला, तर आपण त्याच्या दारी जावे, बसावे, विचारावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रीबेरात्री मोफत बोलता येते, हेही सांगावे. खुंटा दोघांनी धरला की जाते हलके फिरते.